लोम्बोकचं @बिल्डर, जावात नव्याने आलेल्यांसाठी पायरीपायरीने

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कंपनीत जावाच्या चालत्या प्रोजेक्टवर रुजू झालात, की सुरुवातीच्या दिवसांतच एक गोष्ट चक्रावून टाकते. कोडमध्ये कुठेतरी तिकीट.बिल्डर() असं लिहिलेलं असतं, पुढे पाच-सहा मेथड साखळीने येतात आणि शेवटी बिल्ड() असतं. मूळ क्लासची फाइल उघडून बघावी, तर तिच्यात ना बिल्डर नावाची मेथड, ना बिल्ड. क्लासच्या डोक्यावर फक्त @बिल्डर एवढंच. कोड मात्र व्यवस्थित चालतोय.

बरेच जण इथे ‘असंच करायचं असतं वाटतं’ म्हणून पुढे जातात आणि आपल्या नव्या क्लासवरही तो शब्द चिकटवतात. तसं करू नका, असा माझा आग्रह आहे. हे ॲनोटेशन, म्हणजे लोम्बोक या जावाच्या लायब्ररीने दिलेली @ ने सुरू होणारी खूण, तुमच्या वतीने बराच कोड लिहितं. त्या कोडला काय जमतं आणि काय जमत नाही हे ठाऊक नसेल, तर अर्धवट भरलेली ऑब्जेक्ट्स बिनबोभाट प्रॉडक्शनपर्यंत पोचतात.

खालचा कोड मी देवनागरीत मांडला आहे. टाइप करताना जावाचे कीवर्ड आणि लोम्बोकची नावं नेहमीच्या रोमन अक्षरांतच लिहा. क्लास आणि फील्डची नावं मराठी ठेवली तरी जावाचा कंपायलर ती स्वीकारतो, पण टीममध्ये काम करताना सगळे लिहितात तशीच लिहिलेली बरी.

पायरी १: अडचण डोळ्यांनी बघा

ट्रान्स-हार्बर मार्गावरचं लोकलचं तिकीट घेऊ. ठाण्याहून नेरूळला जायचंय, सेकंडचा डबा, दोन मोठे, एक लहान, आणि तिकीट परतीचंही हवंय. साधा कन्स्ट्रक्टर वापरला तर ते असं दिसेल:

```
न्यू तिकीट("ठाणे", "नेरूळ", "सेकंड", 2, 1, ट्रू)
```

आता ही ओळ दुसऱ्या कोणीतरी लिहिली आहे आणि तुम्ही ती तपासताय असं समजा. 2 मोठे आणि 1 लहान, की उलट? पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं भाडं अर्धं असतं, म्हणजे हे दोन आकडे उलटे पडले तर पैसे चुकतात. ट्रू कशाचं? परतीचं, की आणखी कशाचं? ठाणे आणि नेरूळ यांची जागा बदलली तर तिकीट उलट दिशेचं निघेल. तरीही कंपायलर चकार शब्द काढणार नाही, कारण दोन्ही स्ट्रिंगच आहेत. उद्या कोणी ‘मार्गे’ नावाचं सातवं फील्ड मध्येच घातलं, तर या कन्स्ट्रक्टरला हाक मारणारी प्रत्येक जागा दुरुस्त करत बसावं लागेल.

काही जण यावर उपाय म्हणून रिकामं ऑब्जेक्ट बनवून सेटरने एकेक किंमत भरतात. वाचायला ते बरं पडतं. पण मग फील्ड फायनल ठेवता येत नाहीत, आणि ऑब्जेक्ट अर्धं भरलेलं असतानाच दुसऱ्या कोणाच्या हाती पडू शकतं.

पायरी २: बिल्डर एकदा हाताने लिहा

ही पायरी गाळू नका. एकदाच लिहायचाय, पण लिहायचाय.

```
पब्लिक क्लास तिकीट {
    प्रायव्हेट फायनल स्ट्रिंग कुठून;
    प्रायव्हेट फायनल स्ट्रिंग कुठे;
    // बाकीची फील्ड

    पब्लिक स्टॅटिक तिकीटबिल्डर बिल्डर() {
        रिटर्न न्यू तिकीटबिल्डर();
    }

    पब्लिक स्टॅटिक क्लास तिकीटबिल्डर {
        प्रायव्हेट स्ट्रिंग कुठून;
        प्रायव्हेट स्ट्रिंग कुठे;

        पब्लिक तिकीटबिल्डर कुठून(स्ट्रिंग कुठून) {
            धिस.कुठून = कुठून;
            रिटर्न धिस;
        }
        // प्रत्येक फील्डसाठी अशीच एक मेथड

        पब्लिक तिकीट बिल्ड() {
            रिटर्न न्यू तिकीट(कुठून, कुठे, ...);
        }
    }
}
```

सगळी युक्ती ‘रिटर्न धिस’ या दोन शब्दांत आहे. प्रत्येक मेथड किंमत साठवते आणि तोच बिल्डर परत हातात देते, म्हणून पुढची मेथड लगेच जोडता येते. खरं तिकीट फक्त बिल्ड() बोलावल्यावर जन्माला येतं. तोपर्यंत किंमती बिल्डरमध्ये साठत असतात, त्यामुळे तिकिटाची स्वतःची फील्ड फायनल ठेवता येतात.

हे लिहिताना जाणवेल की प्रत्येक फील्ड तीन-चार ठिकाणी लिहावं लागतंय: क्लासमध्ये, बिल्डरमध्ये, बिल्डरच्या मेथडमध्ये आणि कन्स्ट्रक्टरच्या हाकेत. बारा फील्ड असतील तर शंभरेक ओळी नुसत्या यात जातात, आणि नवं फील्ड आलं की यातली एखादी जागा हमखास विसरली जाते. ही मजुरी ॲनोटेशनवर सोपवायची आहे.

पायरी ३: लोम्बोक बसवा

जावात ॲनोटेशन २००४ मध्ये, जावा ५ बरोबर आली. ॲनोटेशन वाचून कंपाइल होतानाच काम करणाऱ्या प्रोसेसरसाठी अधिकृत व्यवस्था जावा ६ मध्ये झाली. राइनियर झ्वित्सरलोत आणि रूल स्पिल्कर यांचं लोम्बोक याच वाटेने कंपायलरमध्ये शिरतं, पण एका बाबतीत ते वेगळं आहे. अधिकृत नियमाप्रमाणे प्रोसेसरला नवी फाइल तयार करता येते, तुमच्या फाइलला हात लावता येत नाही. लोम्बोक कंपायलरच्या आतल्या भागांना हात घालून तुमच्याच क्लासचा वाक्यवृक्ष, म्हणजे कंपायलरने कोड वाचून मनात मांडलेली रचना, बदलतं. म्हणूनच बिल्डर तुमच्या क्लासच्या आत उगवतो आणि फाइलमध्ये मात्र दिसत नाही.

याचा व्यवहारातला परिणाम लक्षात ठेवा. जावाची आवृत्ती वाढवली की लोम्बोकचीही वाढवावी लागते. जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) २१ साठी लोम्बोक १.१८.३० किंवा त्यापुढची हवी. जुनी राहिली तर बिल्ड ‘नो सच फील्ड एरर’ देऊन कोसळतो, आणि त्या एररमध्ये तुमच्या कोडचं नावही नसतं. नवखा माणूस यात दिवस घालवू शकतो.

मेव्हन या बिल्ड टूलमध्ये लोम्बोक डिपेन्डन्सी म्हणून घाला आणि स्कोप प्रोव्हायडेड ठेवा, कारण ते फक्त कंपाइल होताना लागतं, प्रोग्रॅम चालताना नाही. शिवाय कंपायलर प्लगइनच्या ॲनोटेशन प्रोसेसर पाथमध्येही त्याची नोंद करा. ही दुसरी नोंद पूर्वी न करताही भागायचं. जेडीके २३ पासून मात्र जावाचा कंपायलर क्लासपाथवर पडलेले प्रोसेसर आपणहून चालवत नाही, तेव्हा ती करायचीच. ग्रेडल या दुसऱ्या बिल्ड टूलमध्ये कंपाइल-ओन्ली आणि ॲनोटेशन-प्रोसेसर अशा दोन ओळी लागतात. मॅपस्ट्रक्ट ही, एका क्लासमधल्या किंमती दुसऱ्यात भरणारा कोड बनवणारी लायब्ररीही वापरत असाल तर लोम्बोक-मॅपस्ट्रक्ट-बाइंडिंग त्याच पाथमध्ये जोडा, नाहीतर मॅपस्ट्रक्टला तुमचे बिल्डर दिसतील याची खात्री नाही.

इंटेलिजे या एडिटरमध्ये २०२०.३ या आवृत्तीपासून लोम्बोकचं प्लगइन सोबतच येतं. एक्लिप्सवाल्यांनी लोम्बोकची जार फाइल चालवून इन्स्टॉलरमधून एक्लिप्स निवडायचं. एडिटरमध्ये लाल रेघा दिसतायत पण कमांड लाइनवर बिल्ड होतोय, असं असेल तर कोड बरोबर आहे, बिघाड एडिटरच्या सेटिंगमध्ये आहे.

पायरी ४: ॲनोटेशन लावा आणि आत काय झालं ते बघा

```
@गेटर
@बिल्डर
पब्लिक क्लास तिकीट {
    प्रायव्हेट फायनल स्ट्रिंग कुठून;
    प्रायव्हेट फायनल स्ट्रिंग कुठे;
    प्रायव्हेट फायनल स्ट्रिंग डबा;
    प्रायव्हेट फायनल इंट मोठे;
    प्रायव्हेट फायनल इंट लहान;
    प्रायव्हेट फायनल बूलियन परतीचं;
}
```

आणि वापर:

```
तिकीट त = तिकीट.बिल्डर()
    .कुठून("ठाणे")
    .कुठे("नेरूळ")
    .डबा("सेकंड")
    .मोठे(2)
    .लहान(1)
    .परतीचं(ट्रू)
    .बिल्ड();
```

क्रम कसाही ठेवा, अर्थ बदलत नाही. कोड तपासणाऱ्याला प्रत्येक आकडा कशाचा ते त्याच ओळीत कळतं.

आता डीलोम्बोक वापरा. लोम्बोकने बनवलेला कोड उघड करून दाखवणारी ही सोय त्याच्या जारमध्येच आहे. जार चालवताना डीलोम्बोक हा शब्द, सोर्सचं फोल्डर आणि निकाल कुठे ठेवायचा ते फोल्डर द्या. इंटेलिजेत रिफॅक्टर मेनूतही हा पर्याय मिळतो, पण तो तुमची फाइलच बदलतो, तेव्हा बघून झालं की बदल मागे घ्या. निघालेला कोड पायरी २ मध्ये हाताने लिहिलेल्या कोडशेजारी ठेवून वाचा. जवळजवळ तोच असेल. जास्तीच्या दोन गोष्टी दिसतील: बिल्डरची स्वतःची टूस्ट्रिंग मेथड, आणि सगळी फील्ड घेणारा एक कन्स्ट्रक्टर, जो पब्लिक नसून त्याच पॅकेजपुरता आहे.

पायरी ५: विसरलेली फील्ड पकडा

माझ्या मते बिल्डर वापरणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा. कन्स्ट्रक्टरला सहा किंमती लागत असतील आणि तुम्ही पाचच दिल्या, तर कोड कंपाइलच होत नाही. बिल्डर वापरलात की हे संरक्षण जातं. कुठे() लिहायचं राहिलं तरी कंपायलर खूश, आणि तिकिटावर जायचं स्टेशन नल. मोठे() राहिलं तर शून्य. परतीचं() राहिलं तर फॉल्स. क्रम चुकण्याची भीती गेली, पण विसरण्याची आली. @बिल्डर आपणहून याबद्दल काहीच करत नाही.

पहिला उपाय @नॉननल. कुठून आणि कुठे या फील्डवर ते लावलं, की लोम्बोकने बनवलेला कन्स्ट्रक्टर नल आल्यावर लगेच नल-पॉइंटर एक्सेप्शन फेकतो, आणि त्याच्या संदेशात फील्डचं नाव असतं. त्यामुळे चूक जिथे झाली तिथेच सापडते. नाहीतर ती तीन थर खाली, भाडं काढणाऱ्या कोडमध्ये उगवते.

पण इंटला नल नसतं. मोठे शून्य आणि लहानही शून्य असं तिकीट @नॉननलला खटकत नाही. अशा तपासण्या स्वतः लिहाव्या लागतात आणि त्यांची जागा कन्स्ट्रक्टर आहे:

```
प्रायव्हेट तिकीट(@नॉननल स्ट्रिंग कुठून, @नॉननल स्ट्रिंग कुठे,
        स्ट्रिंग डबा, इंट मोठे, इंट लहान, बूलियन परतीचं) {
    इफ (मोठे + लहान < 1)
        थ्रो न्यू इल्लिगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन("प्रवासी नाही");
    इफ (कुठून.इक्वल्स(कुठे))
        थ्रो न्यू इल्लिगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन("स्टेशन एकच");
    धिस.कुठून = कुठून;
    // बाकीच्या किंमती
}
```

क्लासवर @बिल्डर आहे आणि तुमचा स्वतःचा कन्स्ट्रक्टरही आहे असं दिसलं, की लोम्बोक नवा बनवत नाही, तुमचाच वापरतं. त्यासाठी त्यात सगळी फील्ड, क्लासमध्ये ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने हवीत. क्रम बिघडला आणि टाइप वेगळे निघाले तर कंपाइल होणार नाही. टाइप सारखे असतील, म्हणजे कुठून आणि कुठे यांचीच अदलाबदल झाली असेल, तर मात्र कोणी सांगणार नाही, तेव्हा तेवढी ओळ दोनदा वाचा. आणि @नॉननल इथे कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर लावलंय, ते बघून ठेवा. कन्स्ट्रक्टर तुमचा असेल तर फील्डवरच्या @नॉननलमुळे त्यात तपासणी घातली जात नाही.

पायरी ६: ठरलेल्या किंमती

बहुतेक तिकिटं सेकंडची असतात, म्हणून तुम्ही फील्डवरच डबा = "सेकंड" असं लिहून टाकाल. ते चालत नाही. फील्ड फायनल असेल तर बिल्डरमध्ये डबा() ही मेथडच बनत नाही. फायनल नसेल तर @बिल्डर ती सुरुवातीची किंमत पूर्ण दुर्लक्षित करतो आणि डबा() न बोलावल्यास नल मिळतं. कंपायलर याबद्दल वॉर्निंग देतो, पण मोठ्या प्रोजेक्टमध्ये वॉर्निंगच्या ढिगात ती कोण वाचतं? फील्डवर @बिल्डर.डिफॉल्ट लावा, म्हणजे किंमत पाळली जाते. ही सोय लोम्बोक १.१६.१६ मध्ये आली.

डीलोम्बोक करून बघितलंत तर तिचं काम कळेल. बिल्डरमध्ये त्या फील्डसाठी एक जास्तीचा बूलियन येतो. किंमत कोणी दिली का, एवढीच नोंद तो ठेवतो. दिली नसेल तरच ठरलेली किंमत वापरली जाते. म्हणून कोणी मुद्दाम डबा(नल) असं लिहिलं तर ‘दिली’ अशीच नोंद होते आणि नलच जातं. बाहेरून आलेली किंमत, उदाहरणार्थ एखाद्या फॉर्ममधली, थेट बिल्डरला देताना हे नेमकं अंगाशी येतं.

पायरी ७: याद्या

तुर्भ्यानंतर मार्ग फुटतो: एक सानपाडा-वाशीकडे, दुसरा जुईनगर-नेरूळकडे. समजा तिकिटात वाटेतल्या थांब्यांची यादी ठेवायची आहे. त्या लिस्टवर @सिंग्युलर लावलं, की एकेक थांबा जोडणारी मेथड, सगळी यादी एकदम जोडणारी मेथड आणि यादी रिकामी करणारी मेथड अशा तीन मिळतात. तयार झालेली यादी पुढे कोणाला बदलता येत नाही.

मराठी नावं वापरणाऱ्यांना इथे एक गोष्ट करावी लागते. लोम्बोक फील्डच्या अनेकवचनी नावावरून एकवचन स्वतः काढतं, पण फक्त इंग्रजी शब्दांचं. थांबे या शब्दाचं त्याला कळत नाही आणि एकवचन स्पष्ट द्या असं सांगत ते कंपाइल थांबवतं. तेव्हा @सिंग्युलर("थांबा") असं लिहा आणि पुढे .थांबा("तुर्भे").थांबा("जुईनगर") असं वापरा. यासाठी पायरी ५ मधल्या कन्स्ट्रक्टरमध्येही ही यादी योग्य जागी वाढवावी लागेल.

पायरी ८: प्रत काढून थोडा बदल

@बिल्डर(टूबिल्डर = ट्रू) लिहिलं की तयार तिकिटावरून त.टूबिल्डर().परतीचं(फॉल्स).बिल्ड() असं नवं तिकीट काढता येतं. जुनं जसंच्या तसं राहतं. मला ही सोय टेस्टमध्ये फार उपयोगी वाटते: एक नमुना तिकीट ठेवायचं आणि प्रत्येक टेस्टमध्ये त्यातलं एकच फील्ड बदलायचं, म्हणजे टेस्ट कशाची आहे ते वाचताक्षणी कळतं. फक्त ही प्रत वरवरची असते. फील्डमध्ये बदलता येणारं दुसरं ऑब्जेक्ट असेल तर दोन्ही तिकिटं त्याच एका ऑब्जेक्टकडे बोट दाखवत राहतात.

नेहमी अडणाऱ्या तीन जागा

डेटाबेसच्या एंटिटीला, म्हणजे डेटाबेसमध्ये साठवायच्या क्लासला, जेपीएसाठी (जावाची डेटाबेसशी जोडणारी व्यवस्था) रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो, म्हणून तुम्ही @नोआर्ग्सकन्स्ट्रक्टर लावता आणि लगेच बिल्डर कंपाइल होईनासा होतो. दुसरा कन्स्ट्रक्टर आहे असं दिसल्यामुळे लोम्बोकने सगळ्या फील्डांचा कन्स्ट्रक्टर बनवलेलाच नसतो. सोबत @ऑलआर्ग्सकन्स्ट्रक्टर लावा, सुटेल.

जेसन (डेटा लिहायची मजकुरी पद्धत) वाचून ऑब्जेक्ट बनवायचं असेल तर ते काम करणाऱ्या जॅक्सन या लायब्ररीला तुमचा बिल्डर आपोआप सापडत नाही. लोम्बोक १.१८.१४ पासून त्यासाठी @जॅक्सनाइज्ड आहे, @बिल्डरच्या शेजारी ठेवायचं.

तिसरी जागा इन्हेरिटन्सची. @बिल्डरला पालक क्लासची फील्ड दिसत नाहीत. त्यासाठी @सुपरबिल्डर आहे, पण मग ते वरपासून खालपर्यंत प्रत्येक क्लासवर लावावं लागतं आणि त्याने निर्माण केलेला जेनेरिक्सचा कोड वाचायला जड जातो. माझं मत विचाराल तर अशा वेळी आधी इन्हेरिटन्स खरंच हवंय का ते बघा.

कधी लावू नये

दोन-तीनच फील्ड असतील आणि त्यांचे टाइप वेगळे असतील, तर कन्स्ट्रक्टर पुरेसा आहे आणि तो विसरलेली किंमतही पकडतो. जावा १६ पासून रेकॉर्ड, म्हणजे फक्त डेटा ठेवणारे छोटे क्लास, आहेत. छोट्या डेटासाठी तेच वापरा, आणि फील्ड वाढलीच तर लोम्बोक १.१८.२० पासून रेकॉर्डवरही @बिल्डर लावता येतं.

काही टीम्सना लोम्बोकने कंपायलरच्या पोटात शिरणं पसंत नसतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. त्यांच्यासाठी गूगलचं ऑटोव्हॅल्यू आणि इम्म्युटेबल्स हे पर्याय आहेत. दोन्ही अधिकृत नियमात राहून वेगळी फाइल तयार करतात. ती उघडून वाचता येते, तिच्यात ब्रेकपॉइंट लावता येतो. बदल्यात तुम्हाला क्लास थोडा वेगळ्या पद्धतीने, ॲबस्ट्रॅक्ट क्लास किंवा इंटरफेस म्हणून लिहावा लागतो. चालू प्रोजेक्टमध्ये यापैकी जे आधीपासून आहे तेच वापरा. एकाच कोडबेसमध्ये दोन पद्धती आणू नका.

पहिला क्लास कमिट करण्याआधी

त्याच्यासाठी चार टेस्ट लिहा. सगळी फील्ड देऊन तिकीट नीट बनतं का. कुठे() गाळलं तर एक्सेप्शन येतं का, आणि संदेशात त्या फील्डचं नाव आहे का. मोठे() आणि लहान() दोन्ही गाळले तर तुमची स्वतःची तपासणी अडवते का. डबा() गाळला तर गेटरमधून "सेकंड" मिळतं का. यातल्या मधल्या दोन टेस्ट आधी तपासण्या काढून चालवा. तेव्हा त्या नापास झाल्या पाहिजेत. मग तपासण्या परत घाला आणि कोड पुढे पाठवा.